परत येण्याचा पुरावा

रोह्याच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे, त्या चिंतामणराव देशमुखांची पहिली पत्नी इंग्रज होती. रोझिना आर्थर विलकॉक्स. देशमुख 1918 साली आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले आणि 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, हे आमच्या रायगडात शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. त्यांच्या संसारातली दुसरी एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. रोझिनाबाईंना नवऱ्याबरोबर हिंदुस्थानात यायला व्हिसा लागला नाही आणि देशमुखांनाही सासुरवाडीला जायला लागला नाही. दोघंही एकाच साम्राज्याचे प्रजाजन होते. यात साम्राज्याचं कौतुक नाही. त्याच साम्राज्यात माणसाला कातडीच्या रंगावरून आगगाडीच्या डब्यातून खाली उतरवत होते. पण नवरा-बायकोने एकमेकांना भेटायला सरकारची मंजुरी काढायची, ही रीत काही अनादी काळापासून चालत आलेली नाही, एवढं त्यावरून कळतं.

आज पेण-रोह्याकडच्या कितीतरी घरांतला मुलगा किंवा जावई परदेशात असतो. पेणमध्ये माझ्या ओळखीच्या एका घरी गणपतीचा कारखाना आहे. त्या घरची मुलगी मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते. ते काम कारखान्यात प्रत्येकाच्या हाती देत नाहीत. परदेशी जाणाऱ्या मूर्ती उन्हाळा संपायच्या आत खोक्यांत भराव्या लागतात, त्यांचे कागदही तीच तयार करते. तिचं लग्न झालं, नवऱ्याकडे परदेशातल्या कायम वास्तव्याचा परवाना आहे, त्याने तिच्यासाठी रीतसर अर्ज केलेला आहे आणि तो अर्ज रांगेत आहे. मधल्या काळात महिनाभर त्याला भेटून यावं म्हणून तिने पर्यटक व्हिसा मागितला. वकिलातीच्या खिडकीशी तिला विचारलं, नवरा कुठे असतो? पुढे तिकडे कायमचं राहायचा विचार आहे का? तिने खरं ते सांगितलं, हो, अर्ज दिलेला आहे. पासपोर्ट आणि नकाराची चिठ्ठी हातात घेऊन ती बाहेर आली.

मी तिची फाइल पाहिली आहे. हळदीकुंकू लावलेली लग्नपत्रिका, नगरपरिषदेचा विवाह नोंदणीचा दाखला, त्याचं इंग्रजी भाषांतर, सप्तपदीचे फोटो. त्यामागे वडिलांचा सातबारा, वडिलांचं बँकेचं खातं, वडिलांच्याच नावाची कारखान्याची कागदपत्रं. लग्न सिद्ध करणारे कागद भरपूर होते. पण ते लग्नच तिच्या आड आलं.

अमेरिकेचा कायदा या बाबतीत अगदी उघडपणे बोलतो. 1952 च्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्टमधल्या 214-ब या कलमानुसार भेटीला येणारा प्रत्येक माणूस कायमचा राहायलाच आला आहे असं गृहीत धरायचं, आणि तसं नाही हे अधिकाऱ्याला पटवण्याची जबाबदारी त्या माणसाची. नकारावर अपील नाही, फार तर पुन्हा पैसे भरून नवा अर्ज करायचा. इतर अनेक देशांचे नियमही थोड्याफार फरकाने याच वळणाचे आहेत. परत येण्याचा पुरावा म्हणून मागतात ते नोकरी, जमीन, घर आणि बँकेतली शिल्लक. आता आपल्याकडे लग्न झालेल्या बाईच्या नावावर यातलं काय असतं? माहेरची जमीन भावांच्या नावे, सासरचं घर सासऱ्यांच्या नावे, आणि लग्न ठरताच नोकरी सोडलेली. आखणी करणाऱ्या त्या मुलीचा हात कारखान्याला वर्षभर लागतो, पण घरचंच काम म्हणून तिला पगार नाही, आणि पगार नाही म्हणून स्लिप नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने बायकोच्या नावे जमीन करून देण्यासाठी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, तेव्हा व्हिसा कुणाच्या मनातही नव्हता. पण जमीन नावावर नसलेल्या बाईचं म्हणणं कुठल्याच दारात धरत नाहीत, हे त्या मोहिमेने ओळखलं होतं. परक्या देशाच्या खिडकीशी तिला मिळालेला नकार निम्मा आपल्या घरातच लिहिलेला असतो.

खोटी लग्नं होतात, पैसे देऊन होतात, हे मी नाकारत नाही. अमेरिकेने 1986 साली खास त्यासाठी कायदा केला आणि नव्या जोडप्याला आधी दोन वर्षांचंच सशर्त वास्तव्य देण्याची पद्धत आणली. पण संशयाला लगाम नसला की तो कुठवर जातो हे ब्रिटनने दाखवलं. तिथे 1980 च्या दशकात बाहेरून येणाऱ्या नवऱ्याला सिद्ध करावं लागे, की लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणं हा नाही. मनातला हेतू कागदावर कसा दाखवायचा? भारतीय उपखंडातल्या हजारो मुलांचं याच प्रश्नावर अडलं. बायकांना एक नियम आणि नवऱ्यांना दुसरा, हा भेदभाव असल्याचा निकाल स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने 1985 मध्ये दिला, तेव्हा सरकारने नवऱ्यांची वाट मोकळी करण्याऐवजी तीच अट बायकांनाही लावली. ती 1997 मध्ये रद्द झाली.

लग्नाची अशी झडती या भागातल्या लोकांनी फार पूर्वी अनुभवली आहे. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही आडनावं इस्रायलमध्ये आहेत. पिढ्यान् पिढ्या कोकणात राहिलेले हे बेने इस्रायली तिकडे गेले, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने फर्मान काढलं, की यांचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी आई, आजी, पणजी अशी जमेल तितकी मागची वंशावळ तपासा. पेण-रोह्याकडच्या साध्या माणसांनी धरणं धरली, उपोषणं केली. ते सर्वार्थाने ज्यू आहेत असं इस्रायलच्या संसदेने 1964 मध्ये जाहीर केलं, मग धर्मपीठालाही नमतं घ्यावं लागलं. नियम दगडावर कोरलेले नसतात, हे त्या लोकांनी करून दाखवलं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की माणसाला उद्या तिथे राहायला जायचं असू शकतं आणि तरी आज भेटून परत यायचं असू शकतं. या दोन इच्छा एकमेकींना खोटं पाडत नाहीत. उलट जिचा कायदेशीर अर्ज रांगेत आहे, ती मुदतीबाहेर राहून तोच अर्ज धोक्यात का घालेल? अमेरिकेतच 1996 च्या कायद्याने तशी तरतूद आहे : 180 दिवसांहून जास्त बेकायदा राहून बाहेर पडलं तर तीन वर्षं दार बंद, वर्षभर किंवा जास्त राहिलं तर दहा. वाट पाहणाऱ्या बायकोइतकं या नियमाला दुसरं कोण भिणार? कॅनडाने हे कायद्यातच मान्य केलं आहे. पुढेमागे कायमचं राहण्याची इच्छा आहे एवढ्यावरून तिथे तात्पुरती भेट नाकारता येत नाही, मुदत संपल्यावर परत जाल हे मात्र पटवावं लागतं. अमेरिकेनेही एच-1बीवर नोकरीला येणाऱ्यांसाठी 1990 मध्ये हे दोन्ही हेतू एकत्र मान्य केले. म्हणजे कंपनीला हव्या असलेल्या इंजिनिअरच्या बाबतीत जे समजलं, ते त्याच देशातल्या रहिवाशाच्या बायकोच्या बाबतीत समजत नाही. एकदा समजलंही होतं. डिसेंबर 2000 मध्ये तिथल्या काँग्रेसने कायम रहिवाशांच्या जोडीदारांसाठी व्ही नावाचा व्हिसा काढला, तीन वर्षं ताटकळलेल्यांना रांगेतली उरलेली वर्षं नवऱ्याजवळ किंवा बायकोजवळ काढता यावीत म्हणून. पण तो फक्त त्या महिन्याच्या 21 तारखेपर्यंत अर्ज केलेल्यांनाच होता. नंतरच्यांना काही नाही.

जोडप्यांना ताटकळत ठेवण्यात आपलं सरकारही मागे नाही. 13 मार्च 2020 ला कोविडपायी बहुतेक व्हिसा स्थगित झाले, ओसीआय म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचं कार्ड असलेल्यांचाही विनाव्हिसा प्रवास थांबला. भारतीय माणसाची परदेशी बायको तिकडे आणि तो इकडे, अशी घरं महिनोन् महिने दुभंगली. व्यापक मोकळीक ऑक्टोबरमध्ये मिळाली. परदेशी जोडीदाराला ओसीआय मागायचं तर लग्नाची नोंदणी होऊन दोन वर्षं भरलेली हवीत, आणि घटस्फोट झाला की ते काढून घेता येतं. म्हणजे रोह्यात सून म्हणून आलेली परदेशी मुलगी नांदत्या घरात असूनही आधी मुदतीच्या व्हिसावरच असते. सुरक्षेची काळजी मी समजू शकतो. पण जगाकडे आपल्या मुलींसाठी आपण जे मागतो, ते आपल्या सुनांना आधी द्यायला हवं.

परक्या देशांचे कायदे पेणमध्ये बसून बदलता येणार नाहीत. मुलीच्या कामाला पगार लावणं मात्र इथेच करता येतं. त्या मुलीच्या वडिलांनी नकारानंतर आखणीची मजुरी दर महिन्याला तिच्या खात्यावर भरायला सुरुवात केली आहे, आणि कारखान्यात तिला भागीदार करून घेण्यासाठी ते वकिलाला भेटून आले. दोन हंगामांचं आयकर विवरण हाती आलं की ती पुन्हा अर्ज करणार आहे, आणि राहण्याबद्दल विचारलं तर उत्तरही तेच देणार आहे.