बाटली आणि जास्वंद

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आमच्या एका नातलगांनी काही वर्षांपूर्वी सुट्टीत येताना आम्हांस एक बाटली भेट दिली. बाटली काचेची, तिच्या तळाला लाल प्लास्टिकची बशी आणि त्या बशीला फुलांच्या आकाराची चार छिद्रे. तीत साखरपाणी भरून परसात टांगले की हमिंगबर्ड येतात, हवेत जागच्या जागी थांबून पाणी पितात आणि घरातली माणसे खिडकीतून ती शोभा पाहतात, असे त्यांनी सांगितले.

हमिंगबर्ड आपल्याकडे नाहीत. त्यांच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत, पण त्या सर्व अमेरिका खंडातल्या. बेळगाव-निपाणीकडे पुष्कळ लोक ज्याला हौसेने हमिंगबर्ड म्हणतात, तो आपला शिंजीर, म्हणजेच सूर्यपक्षी. दोघांचे कूळ निराळे, पण उद्योग एकच. शिंजीर हवेत फार वेळ थांबत नाही. फांदीला किंवा देठाला धरून, प्रसंगी उलटा लोंबकळून, तो आपली बाकदार चोच फुलात घालतो.

आम्ही टिळकवाडीतल्या आमच्या परसात ती बाटली टांगली. शिंजिराला बसता यावे म्हणून तिला एक काडी बांधली. एक भाग साखर व चार भाग पाणी, असे प्रमाण ठेवले. मध किंवा रंग घातला नाही. कित्येक दिवस मुंग्यांखेरीज कोणी फिरकले नाही. मग एका सकाळी नर आला. सावलीत काळा दिसणारा तो पक्षी उन्हात निळा-जांभळा झळकू लागला. आम्हांस फार आनंद झाला. शेजाऱ्यांना बोलावून आम्ही तो दाखवू लागलो, आणि बोलता बोलता त्याला ‘आमचा शिंजीर’ म्हणू लागलो.

पुढे एप्रिल महिन्यात मंडळीच्या कामासाठी आम्ही चार दिवस निपाणीस गेलो. परत येऊन पाहतो तो बाटलीतले पाणी गढूळ झाले होते, त्याला आंबूस वास येत होता आणि छिद्रांभोवती काळी बुरशी धरली होती. उन्हाळ्यात असे पाणी रोज, निदान एक दिवसाआड बदलावे लागते व बाटली गरम पाण्याने घासावी लागते. आम्हांस हे ठाऊक होते. तरी चार दिवसांत त्याची आठवणसुद्धा झाली नाही. शिंजीर मात्र बाटलीभोवती फेऱ्या घालीत होता. आम्ही त्याला सवय लावली होती आणि सोयीप्रमाणे विसरलोही होतो.

निपाणीत घडलेला एक प्रसंग तेव्हा आम्हांस आठवला. तेथील मंडळीत एक वृद्ध भगिनी आहेत. सारा जन्म त्यांनी विड्या वळल्या. आता बोटे चालत नाहीत. त्यांना दरमहा मदतीचे पाकीट दिले जाते. ते द्यायला आम्ही गेलो, तेव्हा त्यांनी दारच्या शेवग्याच्या शेंगांची जुडी आमच्यापुढे ठेवली. आम्ही म्हणालो, “नको मावशी, तुम्हांलाच राहू द्या.” आमचा हेतू चांगला होता. पण त्यांचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, “पाकीट घेते की मी. मग माझ्या हातचं बी कायतर घ्या. नुसतं घेऊन घेऊन माणूस खाली बसतंय.”

वाचकहो, त्या बुरसटलेल्या बाटलीपुढे उभे असताना या शब्दांचा अर्थ आम्हांस उमगला. जास्वंदीच्या फुलाशी जाणारा शिंजीर मध घेतो आणि अंगाला लागलेले पराग दुसऱ्या फुलाकडे नेतो. आंब्यावरचे बांडगूळ, खानापूरच्या रानातली मुरुडशेंग यांच्या फुलांना त्याची गरज असते. मावशींच्या शेवग्याला शेंगा धरल्या, त्याही फुलाफुलांवर फिरणाऱ्या भुंग्यांच्या आणि मधमाश्यांच्या कामामुळेच. फुलाशी आलेला कोणी भिकारी नसतो. आमच्या बाटलीशी मात्र शिंजिराला देण्यासारखे काहीच उरत नव्हते. तो पिऊन जाई आणि आम्ही त्याच्याकडे पाहत बसू.

आता प्रश्न असा की, मग मदत करूच नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. भुकेल्याला ‘झाड लावले आहे, फळ येईपर्यंत थांब’ असे सांगणे हा निर्दयपणा होय. मावशींचे पाकीट बंद करणे हे पाप ठरेल. परंतु ज्या देण्यात घेणाऱ्याचे काहीच लागत नाही, जे आपण गावाला गेलो की थांबते आणि जे आपल्या खुर्चीसमोर दिसेल अशाच जागी टांगलेले असते, ते देणे आपण कोणासाठी करतो, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे. आपण मालक नसून कारभारी आहोत असे आपण उपासनेत ऐकतो. घेणाऱ्याला देणाराही राहू देणे, हे कारभाऱ्याचे काम आहे.

आम्ही बाटली उतरवली आणि तिच्या जागी रोपे लावली. ज्यांना परसात शिंजीर यावा असे वाटते, त्यांच्यासाठी थोडे लिहितो. थंडी ओसरू लागली की बांधावरचा पांगारा, सावर आणि पळस फुलतात. ती झाडे तोडू नयेत. साधी एकेरी जास्वंद बहुतेक वर्षभर फुलते. गच्चीवर किंवा सज्जात कुंडीतही येते. केळफूल आणि कर्दळ पावसाळ्यातही उपयोगी पडतात. उन्हाळ्यात सकाळी झाडांच्या पानांवर पाणी शिंपडावे; ओल्या पानांत शिंजीर अंघोळ करतो. कोळ्याच्या जाळ्यांनी गुंफलेले त्याचे लोंबते घरटे दिसले, तर दुरूनच पाहावे. मादी पिल्लांना किडे व कोळी भरवते, म्हणून जास्वंदीवर कीड दिसताच विषारी औषध मारू नये. ही गोष्ट कळण्यापूर्वी आम्ही एकीकडे साखर देत होतो आणि दुसरीकडे औषध फवारीत होतो.

आता शिंजीर केव्हा येतो आणि केव्हा जातो, ते आम्हांस नेहमी कळत नाही. आम्ही गावाला गेलो तरी जास्वंद फुलतेच. निपाणीस गेलो की मावशींचे पाकीट देतो आणि त्या जे हातावर ठेवतील ते घेऊन येतो. मागच्या खेपेस त्यांनी शेवग्याची एक फांदी तोडून दिली. ती परसात रुजली आहे.