उंबरठ्यावरचं कुत्रं

उचगावात आमच्या शेजारच्या भाभींनी एकदा दबक्या आवाजात विचारलं, "भाईजान, पोराच्या अंगाला कुत्रं लागलं तर नमाज होते का हो?" वडिलांच्या मयतीनंतर त्यांचा दहा वर्षांचा मुलगा घरातही बोलेनासा झाला होता. पुण्यातल्या समुपदेशक बाईंनी शिकवलेल्या कुत्र्यासोबत काही बैठका सुचवल्या होत्या.

हा प्रकार तसा जुना. न्यूयॉर्कचे बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेविन्सन यांच्याकडे १९५३ मध्ये एक अबोल मुलगा वेळेआधीच आला आणि खोलीतल्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याशी खेळू लागला. त्या खेळातून उपचाराची वाट सापडली. १९६१ मध्ये त्यांनी हे सहकाऱ्यांपुढे मांडलं, तेव्हा फीमधला किती हिस्सा कुत्र्याला देता, अशी थट्टा झाली. आपल्याकडे मीनल कविश्वर यांच्या 'ॲनिमल एंजल्स' या संस्थेने मुंबईत स्वमग्न मुलांसोबत हे काम केलं. उपचार माणूसच करतो. कुत्रा काही न विचारता शेजारी बसतो, एवढंच.

आता नापाकीचं. शाफई मजहबात अख्खं कुत्रं नजिस, त्यामुळे आपल्या कोकणी भावांची अडचण मोठी. हनफींच्या प्रचलित मताप्रमाणे लाळ नापाक, कोरडं अंग नव्हे. मालिकी तर जिवंत कुत्र्याला पाकच मानतात. भांडं सात वेळा धुवावं, त्यात एकदा मातीनं, असं हदीसमध्ये आहे. म्हणजे नापाकीवर इलाजही शरियतनंच दिला. विनाकारण कुत्रं पाळू नये, ही हदीस मी विसरलेलो नाही. पण शिकार, गुरं आणि शेतीची सवलतही हदीसमध्येच आहे. सूरह माइदाची चौथी आयत शिकवलेल्या कुत्र्यानं धरलेली शिकार हलाल ठरवते. सूरह कहफमध्ये गुहेतल्या तरुणांच्या उंबरठ्यावर पाय पसरून बसलेलं कुत्रं आहेच. मग आजारी मनाची गरज शिकारीहून हलकी कशी? हा माझा कयास आहे, फतवा नव्हे.

पण मला खटकलं ते वेगळंच. आमच्याकडे गोठ्यावर, उसाच्या रानात कुत्री असतात, मुसलमानांचीही. त्यांच्याबद्दल कुणी मला मसला विचारलेला नाही. मग इथंच का? भाभीच शेवटी म्हणाल्या, "लोक पोराला येडा म्हणतील." अडचण लाळेची नव्हतीच.

उपचार करणाऱ्यांनीही एक ध्यानात घ्यावं. ज्याला कुत्र्याजवळ बसणं खरोखरच जड जातं, त्याला मागासलेला समजू नये. आधी विचारावं, वेगळी वाट ठेवावी. आणि कुत्रंही थकतं. मुक्या जनावरावर झेपेल तेवढंच ओझं घालावं, ही आपलीच शिकवण, ती इथंही लागू आहे.

"मसला राहू द्या भाभी, आधी पोराला विचारा," मी म्हटलं. "बोलत नाही, तर विचारू कसं?" त्यांनी विचारलं. मग कागदावर दोन खोल्या काढल्या. एकीत बाई, दुसरीत बाई आणि कुत्रं. मुलानं बराच वेळ कागद हातात धरला आणि दुसऱ्या खोलीवर बोट ठेवलं. पुढच्या आठवड्यात दोघं पुण्याच्या गाडीत बसली. भाभींच्या पिशवीत मुलाच्या कपड्यांचा एक धुतलेला जोड होता.