राजमा निवडताना

जरा सैल बसा. डोळे मिटायचे तर मिटा, पण हात मोकळे राहू द्या. आजच्या मननात हातांना काम आहे.

पश्चिम केनियातलं एखादं ख्रिस्ती बालगृह मनात आणा. विषुववृत्त जवळ, त्यामुळे बारा महिने सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवणार आणि संध्याकाळी जवळपास त्याच वेळेला मावळणार. लाल माती, पत्र्याचं छप्पर, पाण्याचे पिवळे कॅन. चुलीवर उजी रटरटते आहे. नाचणीच्या पिठाची पेज, आपल्या आंबिलीची बहीणच. स्वेटर घातलेली मुलं कप घेऊन उभी आहेत. तुम्ही इथे स्वयंसेवक आहात आणि येऊन फार दिवस झालेले नाहीत.

एक लहानगा धावत येतो आणि तुमचं बोट धरतो. ओळख ना देख.

इथे थांबा. मन भरून येईल, येऊ द्या. अर्थ लावायची घाई मात्र नको. आपल्याला वाटतं, पोराला आपला लळा लागला. पण अनोळखी माणसाला असं चटकन बिलगणं ही पुष्कळदा भोवतालची माणसं सारखी बदलत राहिल्याची खूण असते. जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. लहान मुलाला आईची किंवा आईसारख्या कायमच्या माणसाची माया लागते, हे त्यांनी त्यात ठासून मांडलं. तुम्ही कायमचे नाही. हे मनातल्या मनात एकदा म्हणा. पुन्हा एकदा, सावकाश.

आता बोट न सोडवता मान वळवा. पडवीत बसलेल्या त्या बाई दिसतात? मुलं त्यांना ‘मामा’ म्हणतात, म्हणजे आई. पुढ्यात पसरट ताट, ताटात उद्याच्या गिथेरीसाठी, म्हणजे मका-राजम्याच्या उसळीसाठी, राजमा. मुलाला घेऊन त्यांच्याजवळ जा आणि निवडायला बसा. राजमा बोटांखालून पुढे सरकवा. खडा रंगाने फसवतो, बोटाला मात्र थंड लागतो. किडक्या दाण्याला बारीक भोक असतं. बाईंचे हात तुमच्या दुपटीने चालतात आणि मधेच, न बघता, त्या मुलाचं नाक पुसतात. मूल आता त्यांच्या मांडीला टेकलं आहे. तुमचं बोट कधी सुटलं, कळलंही नाही. थोडं वाईट वाटलं? त्या वाईट वाटण्याकडे नीट बघा. फोटो काढायची इच्छा झाली असेल तर तिच्याकडेही.

बायबलमध्ये याकोबाच्या पत्रातल्या पहिल्या अध्यायाच्या अखेरीस अनाथ आणि विधवा शेजारी शेजारी येतात. आपण अनाथापाशी थांबतो, पुढचं भरभर वाचून टाकतो. बालगृहांतल्या कितीतरी मुलांची आई किंवा वडील हयात असतात. घरातलं आजारपण, शाळेचा खर्च, करपलेला मका, अशा कारणांनी मूल इथवर येतं. ती विधवा पुष्कळदा याच मुलाची आई असते, काही कोसांवर. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन काढलं ते विधवांसाठी. अनाथांनाही आसरा देणारं केडगावचं मुक्ती मिशन पुढचं. तो क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. केनियानेही २०२२ मध्ये दहा वर्षांचं धोरण आखलं आहे, मुलांना संस्थांतून कुटुंबांत नेण्याचं. चांगलं बालगृह त्या वाटेवर स्वतःच्या खाटा रिकाम्या करत जातं. ही कल्पना पचायला जड आहे, विशेषतः देणगी देणाऱ्यांना.

संध्याकाळ. घमेल्यात पाणी, पायांची लाल माती पाण्यात उतरते आहे. योहानाच्या शुभवर्तमानातल्या तेराव्या अध्यायातलं, शिष्यांचे पाय धुणाऱ्या येशूचं गंगाळ आठवेल. आठवू द्या; पण पाय बाईंना धुऊ द्या, तुम्ही पाणी आणा.

आणि आता यातलं अवघड काम. तुमचा निघण्याचा दिवस कल्पनेत आणा, आणि त्याच्या पुष्कळ आधी त्या मुलाला तो सांगा. बाईंसमोर सांगा. कुठला वार, सकाळ की दुपार. ‘लवकरच येईन’ हे ओठांवर येईल, ते गिळा. मूल रुसेल, कदाचित तुमच्याशी बोलणार नाही, आणि उजीचा कप घेऊन बाईंपाशी जाऊन बसेल. त्याला बोलावू नका.