लेकरावर कागद कसा करू?

रेणापुरात आमच्या गल्लीत कुणाचा सरकारी अर्ज भरायचा असला की लोक माझ्याकडे येतात. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाला दिव्यांगांचं कार्ड, तर कुणाच्या खात्याला आधार जोडलंय का ते बघायचं असतं. मी काही एजंट नाही. हातात मोबाईल आहे आणि संध्याकाळी वेळ असतो, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या मावशी श्रावणबाळ योजनेचा अर्ज घेऊन आल्या. वय सत्तरच्या पुढं. नवरा नाही, शेत नाही, एकच मुलगा, तो पुण्यात एका कंपनीत कंत्राटावर. मी सहज म्हणालो, "मावशी, मुलगा सांभाळत नाही असं लिहून देऊ. अर्ज पक्का होतो."

मावशी उठूनच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सांभाळत न्हाई असं कसं लिहितूस? त्याला जमंना गेलंय."

मी गप्प झालो. 'सांभाळत नाही' आणि 'जमत नाही' यांत केवढं अंतर आहे, हे त्या दिवसापर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. म्हाताऱ्या किंवा अपंग माणसाला सांभाळायचं कुणी, घरानं की सरकारनं? आणि सरकारची मदत मिळावी म्हणून त्या माणसानं आपल्याच माणसाविरुद्ध साक्ष द्यावी का?

या प्रश्नाचं एक उत्तर आमच्याच जिल्ह्यानं दिलं होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये लातूर जिल्हा परिषदेनं ठराव केला, की जो कर्मचारी आईवडिलांना सांभाळणार नाही, त्याच्या पगारातले ३० टक्के कापून ते आईवडिलांच्या खात्यावर टाकायचे. डिसेंबरपासून कपात सुरूही झाली. बारा कर्मचाऱ्यांविरुद्ध तक्रारी आल्या आणि त्यातले सहा शिक्षक होते, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. आसामनं असा कायदा २०१७ मध्येच केला होता. त्यात आईवडिलांसोबत दिव्यांग भावंडांचाही विचार होता. आपल्याकडची बातमी वाचून मला मनापासून आनंद झाला होता. 'बरं झालं' म्हणत मी ती चार ग्रुपवर पाठवली होती.

आजही त्या ठरावाला मी चूक म्हणणार नाही. आईनं मोलमजुरी करून शिकवलं, नोकरी लागली, आणि मग तिलाच वाऱ्यावर सोडलं, तर तिच्या हक्काचं तिला मिळायलाच हवं. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदाही तेच सांगतो. उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, वकील लागत नाही, आणि महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. म्हाताऱ्यांना सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

पण मावशींच्या त्या एका वाक्यानंतर मला यातल्या दोन गोष्टी खुपायला लागल्या.

पहिली अशी, की पगार कापायला आधी पगार असावा लागतो. रेणापूर तालुक्यात बहुतेकांचं पोट सोयाबीनवर आणि मजुरीवर आहे. पाऊस गेला किंवा भाव पडला की त्या वर्षी घरात काहीच उरत नाही. ज्याला पगाराची चिठ्ठीच मिळत नाही, त्याचे ३० टक्के कशातून कापणार?

दुसरी जास्त अवघड आहे. हा सगळा न्याय आईच्या तक्रारीपासून सुरू होतो. मावशींना मी या कायद्याबद्दलही सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "लेकरावर कागद कसा करू?" हे अडाणीपण नव्हतं. पैसे येतील पण लेक जाईल, हा हिशेब त्यांनी माझ्याआधी केला होता.

मग उरते सरकारची मदत. तिथंही एक अट दाराशी उभी आहे. श्रावणबाळ योजना ६५ वर्षांपुढच्यांसाठी. संजय गांधी निराधार योजना १९८० पासूनची, विधवा, दिव्यांग, परित्यक्ता अशांसाठी. २०२३ मध्ये दोन्हींची रक्कम महिना १,५०० रुपये झाली, आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी ती २,५०० केली गेली. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तीवेतनात ६० ते ७९ वयाच्या माणसासाठी दिल्लीचा वाटा मात्र महिना २०० रुपयेच आहे. आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये, दिव्यांगांसाठी ५०,०००. एकवीस हजारांना बारानं भागून बघा. महिना १,७५० रुपये, दिवसाला अठ्ठावन्नही नाहीत. एवढ्यात कुठलं घर चालतं? म्हणजे मदत हवी असेल तर माणसानं एक तर खरोखर उपाशी असावं, नाहीतर कागदावर खोटं बोलावं. पुन्हा आपणच म्हणतो, लोक खोटे दाखले काढतात.

दिव्यांग माणसाचं दुखणं आणखी वेगळं. २०१६ च्या कायद्यानं सातऐवजी २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली. २०२२ मध्ये महाराष्ट्रानं दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला. हे मोठं काम आहे. पण उत्पन्न अजूनही कुटुंबाचं मोजलं जातं. चाळिशीतला माणूस भावाच्या घरी राहतो म्हणून भावाची कमाई त्याची धरायची आणि त्यावरून त्याला नाही म्हणायचं. मग तो आयुष्यभर भावजयीच्या तोंडाकडे बघत जेवतो. कायद्यानं त्याला नागरिक म्हटलं, पण त्याच्या ताटातली भाकरी उपकाराचीच राहिली.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सरकारनं सगळ्यांना पेन्शन दिली तर मुलं हात झटकतील, शिवाय पैसा आणायचा कुठून? पैशाचं म्हणाल तर आपल्यापेक्षा गरीब असलेल्या नेपाळमध्ये १९९० च्या दशकाच्या मध्यापासून ठरावीक वयानंतर वृद्धभत्ता मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची परीक्षा नाही. वय झालं, एवढं पुरतं. मुलं हात झटकतील हे म्हणणं मला पटत नाही. ज्याला झटकायचे असतात तो आजही झटकतोच. प्रश्न ज्याला जमत नाही त्याचा आहे, आणि आपल्या कागदांत त्याच्यासाठी रकानाच नाही. तिथं मुलगा एक तर आधार असतो, नाहीतर आरोपी.

योजनेला नाव श्रावणबाळाचं दिलंय. ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली. आईबाप आंधळे आणि म्हातारे, म्हणजे आजच्या भाषेत दिव्यांगही आणि ज्येष्ठही. ती ऐकून आपण कावड लक्षात ठेवतो आणि मुलांना सांगतो, असं व्हा. पण श्रावण कुणाच्या बाणानं मेला? राजाच्या. दशरथानं मुद्दाम मारलं नव्हतं, हरणाच्या भरवशावर बाण सोडला होता. तरी पाणी घेऊन त्या दोघांपुढं उभं राहायची वेळ त्याच्यावरच आली. तिथं त्यानं त्यांना विचारलं नाही, की तुमचा मुलगा तुम्हाला नीट सांभाळत होता का.

आमच्याकडची पोरं पुण्याला का जातात? आईचा कंटाळा आला म्हणून जात नाहीत. इथली शेती पोसत नाही आणि दुसरं काम नाही, म्हणून जातात. त्यामागं कुणाकुणाचे निर्णय आहेत, हे ज्यानं त्यानं बघावं. पण पोरगं दूर गेल्यावर मागं राहिलेल्या आईला पाणी देणं हा उपकार होत नाही, एवढं मला कळतं.

मावशींच्या अर्जावर शेवटी मी इतकंच लिहिलं, "मुलगा पुण्यात वेगळा राहतो." शिधापत्रिका वेगळी होतीच. काही महिन्यांनी अर्ज मंजूर झाला.

गेल्या दिवाळीला मुलगा बायको-पोरं घेऊन आला होता. निघताना मावशींनी कनवटीची पाचशेची नोट काढून नातवाच्या खिशात कोंबली. मुलगा नको नको म्हणत होता. त्या म्हणाल्या, "माझ्या पगारातले हायेत."