मध्यंतराचा सौदा

शास्त्रवाचन : योहान १९:२३, २४



वधस्तंभाखाली बसून शिपायांनी आपल्या प्रभूची वस्त्रे वाटून घेतली. अंगरख्याला शिवण नव्हती; तो फाडण्यापेक्षा त्यांनी त्यावर चिठ्ठ्या टाकल्या. वर एक मनुष्य मरत होता आणि त्यांचे डोळे खाली चिठ्ठ्यांकडे लागले होते. त्या शिपायांना आपण सहज दोष देतो. आज थोडा वेळ आपण त्यांच्या शेजारी बसून पाहू या.

अमेरिकेत कॉलेजांचे बास्केटबॉल लोकांना फार प्रिय आहे. पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन भागांत होतो. खेळणारी मुले विद्यार्थी असतात. अशा खेळांवर आता तेथे ‘भाकीत-बाजार’ चालतात. मध्यंतराला अमुक संघ पुढे असेल काय, असा प्रश्न मांडायचा आणि ‘होय’ व ‘नाही’ यांचे सौदे शेअरांप्रमाणे विकायचे, अशी ही रीत. भाकीत खरे ठरले तर एक डॉलर मिळतो, न ठरले तर काहीच नाही. ‘होय’चा भाव ६० सेंट असला, तर तसे घडण्याची शक्यता शंभरांत साठ आहे असा बाजाराचा अंदाज असतो. कॅल्शी या कंपनीने खेळांवरील सौदे जानेवारी २०२५ मध्ये सुरू केले. तेथील बहुतेक राज्यांत खेळांवर पैज लावण्यास वयाची २१ वर्षे पुरी व्हावी लागतात. या बाजारात १८ पुरतात. म्हणजे खेळणारा आणि त्याच्यावर पैसे लावणारा एकाच वर्गात बसलेले असू शकतात.

हा जुगार नसून व्यापार आहे, असे चालक म्हणतात. कायद्याने त्याला काय म्हणावे हे न्यायालये ठरवतील. आपल्यापुढचा प्रश्न निराळा आहे. या सौद्यात आपला शेजारी आपल्याला कसा दिसू लागतो? मुलाचा चेंडू हुकला की त्याच्या आईचे मन कळवळते. सौदा करणाऱ्याला मात्र भाव उतरलेला दिसतो. हरलेले लोक या मुलांना शिव्या व धमक्या पाठवतात, हे आता नवे राहिलेले नाही.

पुढची पायरी याहून वाईट आहे. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने १९५० साली दोन राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या. १९५१ मध्ये त्याच संघातील खेळाडूंना, पैसे घेऊन गुणांचा फरक कमी राखल्याबद्दल अटक झाली. जानेवारी २०२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या केंद्रीय सरकारी वकिलांनी २६ जणांवर आरोप ठेवले. खेळाडूंना लाच देऊन मुद्दाम वाईट खेळायला लावले, आणि त्यांत पहिल्या अर्ध्या खेळावरच्या पैजाही होत्या, असे त्यांचे म्हणणे आहे. त्या पैजा भाकीत-बाजारातल्या नव्हत्या. पण लोभाची वाट तीच. अर्धाच खेळ बिघडवायचा असला, तर मोहात पडलेला मुलगा मनाची समजूत घालतो की, उरलेल्या अर्ध्यात संघाला जिंकून देऊ. त्याच महिन्यात कॉलेज-खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी असे सौदे थांबवावेत अशी विनंती सरकारी नियंत्रकांना केली.

कोणी विचारील, प्रेषितांनीही मत्थियाच्या निवडीसाठी चिठ्ठ्या टाकल्याच ना? होय. पण त्यांनी आधी प्रार्थना केली, आणि त्या चिठ्ठीतून एकाच्या खांद्यावर सेवेचा भार आला. शिपायांच्या चिठ्ठीतून दुसऱ्याचा अंगरखा हाती आला. या दोन चिठ्ठ्यांतला भेद शब्बाथशाळेतील मुलांनाही समजेल; शिक्षकांनी तो अवश्य सांगावा.

आपल्या देशात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला. कायदा हात धरतो. मन मात्र देवाच्या कृपेनेच पालटते. आपल्या घरांतील कोणी मूल अमेरिकेत शिकत असेल, तर फोनवर अभ्यासाबरोबर हेही प्रेमाने विचारावे. ते फसले असेल, तर रागावण्याआधी त्याचे ऐकून घ्यावे. उधळ्या पुत्राच्या बापाने तसेच केले. आणि आपणही, रविवारी क्रिकेट पाहताना मित्रांत लावलेल्या लहानशा पैजेपासून आत्मपरीक्षण सुरू करू या.

शिपायांनी मान वर केली असती, तर त्यांना तारणारा दिसला असता. प्रभू आपली मान वर करो. आमेन.