दंवाचं माप

दिवाळी सरली की वसईच्या पूर्वेला, तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या गावांत गवताची कापणी जोर धरते. पारोळकडच्या दोन भावांचा हा धंदा वडिलोपार्जित. माळावरचं गवत कापायचं, वाळवायचं, प्रेसमध्ये दाबून गासड्या बांधायच्या आणि मुंबईच्या तबेल्यांना पाठवायच्या.

अडचण दुपारची. कडकडीत वाळलेलं गवत दाबलं की पात्यांचा चुरा होतो, गासडीत नुसत्या काड्या उरतात. जनावराला पोसतं ते पातं! म्हणून त्यांची आई पहाटेच हाका मारी. रात्रीच्या दंवानं पाती मऊ पडलेली असतात. ऊन तापायच्या आत बांधून मोकळं व्हायचं. आधी ती मूठभर गवत पिळून बघे. मोडलं तर कोरडं, हाताला ओल लागली तर थांबायचं, नुसतं वळलं तर बांधायला घ्यायचं.

धाकट्याला पहाटे उठणं जिवावर येई. दुपारीच गवतावर पाइपानं पाणी मारून बांधू, असं तो म्हणे. एकदा पुतण्यानं मोबाईलवर अमेरिकेतलं यंत्र दाखवलं. ट्रॅक्टरमागे बॉयलर ओढायचा, त्याची वाफ गवतात सोडायची, मग भरदुपारीही पातं मोडत नाही. धाकटा उसळला, "बघ आई, तेही पाणीच घालतात!"

"किती घालतात?"

"पातं वळेल एवढंच," पुतण्या म्हणाला. "ओल मोजत मोजत."

वाफ पात्यापात्यात सारखी भिनते, पाइपाचं पाणी एका जागी साचतं. तरी धाकट्यानं पाइपच लावला. गवत वजनावर विकलं जातं, तेव्हा पाण्याचेही पैसे होतात. मला वाटतं, त्याचा जीव तिथेच अडकला होता. थोरला आईच्या मापानं बांधत राहिला.

पंधरवड्यानं तबेलेवाला वखारीत आला. धाकट्याच्या गासडीत हात खुपसला आणि चटकन मागे घेतला. आत चटका! दाबलेल्या ओल्या गवतात बुरशी आणि जंतू वाढतात, त्यांची ऊब कोंडते. अशा गंजी आपोआप पेटल्याही आहेत. गासडी फोडली, तर पोटात काळपट बुरशी. दुभत्या म्हशीपुढे हे कोण टाकणार? त्यानं थोरल्याचा माल उचलला आणि उरलेल्या हंगामाची उचल त्याच्याच हातावर ठेवली.

धाकट्यानं आपल्या सगळ्या गासड्या फोडल्या, कुजलेलं गवत वेगळं काढलं. संध्याकाळी आईजवळ येऊन म्हणाला, "उद्या मला पण हाक मार."

आईनं थोरल्याच्या ढिगातलं मूठभर गवत त्याच्यापुढे धरलं. "आधी हे पिळून सांग, बांधायचं का?"