'चर्चा करावी'

सरकारी फाईलवर 'चर्चा करावी' हा शेरा कधी पाहिलाय? फाईल खाली येते, कक्ष अधिकारी साहेबांच्या दालनात जाऊन येतो आणि पुढच्या टिपणीत आधीचे मत फिरलेले असते. सुरुवातीला फक्त 'चर्चेनुसार पुनश्च सादर'. दालनात कोण काय म्हणाले, याची कुठेच नोंद नाही. प्रकरण अंगाशी आले की सापडते ती खालच्याची सही.

मंत्र्याला लोकांनी निवडून दिले आहे, तेव्हा त्याचा शब्द चाललाच पाहिजे. पण तो कागदावर हवा. वरिष्ठाने तोंडी आदेश दिला तर त्याची लेखी पुष्टी व्हावी, असे अखिल भारतीय सेवांचे 1968 चे वर्तणूक नियमही सांगतात. तरी 2013 मध्ये टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला तेच पुन्हा बजावावे लागले. सचिवाला मंत्र्याच्या मताविरुद्ध टिपण लिहिता आले पाहिजे, असा आग्रह सरदार पटेलांनी 1949 मध्ये संविधान सभेत धरला होता. आज असे टिपण लिहिणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो बदलीचा.

त्यावरही कायदा आहे. महाराष्ट्राच्या 2005 च्या बदली अधिनियमाने साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ ठरवून दिला, बदल्या एप्रिल-मेमध्येच कराव्यात असे म्हटले आणि मुदतीआधी हलवायचे तर लेखी कारण सक्तीचे केले. मग सापडली 'प्रशासकीय कारणास्तव' ही पळवाट. असे कितीतरी आदेश महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने, म्हणजे 'मॅट'ने, रद्द केले. पण निकाल लागेपर्यंत कचेरीतल्या बाकीच्यांनी घ्यायचा तो धडा घेतलेला असतो.

यात आपण नामानिराळे नाही. ज्या अधिनियमात बदल्यांचे नियम आहेत, त्यातच फाईल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त एका टेबलावर राहू नये, असेही लिहिले आहे. ते कुणाला ठाऊक? आपण गाठतो आमदारांचे संपर्क कार्यालय : "साहेब, तहसीलदारांना जरा एक फोन लावा." तोच फोन उद्या बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्यासाठीही जातो, तेव्हा मात्र आपल्याला अन्याय आठवतो. 'लेखी द्या' म्हणणारा कारकून तोवर आपणच आडमुठा ठरवलेला असतो.

2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखालच्या सेवेसाठी अर्ज दिला की पोच घ्या, तिच्यावरची मुदत वाचा. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा आणि तीस दिवसांत पहिले अपील करा. यासाठी आमदारांचे पत्र लागत नाही.